ज्याला दिलं, त्याचं झालं

‘दादोह क्नीगाता ना इवान.’

चार शब्दांचं हे बल्गेरियन वाक्य. दादोह म्हणजे ‘मी दिलं’, क्नीगाता म्हणजे ‘ते पुस्तक’, इवान हा कुणीतरी गृहस्थ. राहता राहिला ‘ना’, आणि सगळा घोटाळा त्याच्यात आहे. वाक्याचा अर्थ ‘मी पुस्तक इवानला दिलं’ असा होतो, आणि ‘मी इवानचं पुस्तक दिलं’ असाही होतो. एका अर्थात इवानच्या हातात पुस्तक आलं, दुसऱ्यात त्याच्याकडचं गेलं. बल्गेरियन माणूस मागचापुढचा संदर्भ बघतो आणि पुढे जातो. मराठी माणूस मात्र इथे अडखळतो, कारण ‘ला’ आणि ‘चा’ या आपल्या लेखी दोन वेगळ्या विभक्ती. शाळेत त्यांचे तक्ते घोकलेले असतात: स-ला-ते चतुर्थीचे, चा-ची-चे षष्ठीचे. एकाच शब्दाने दोन्हींची कामं करायची, हा आळशीपणा वाटतो.

पण तो आळशीपणा नाही. मालकी म्हणजे काय, याबद्दलचा एक फार जुना समज त्या ‘ना’मध्ये आहे, आणि तो समज आपल्याला वाटतो तितका परका नाही.

आधी ‘ना’ची थोडी कुळकथा. बल्गेरियन ही स्लाव्ह कुळातली भाषा. या कुळातल्या भाषा विभक्तींसाठी प्रसिद्ध आहेत. रशियनमध्ये सहा, पोलिशमध्ये सात, शेजारच्या सर्बियनमध्येही सात. बल्गेरियनचं जुनं रूप, ज्यात नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या दोघा भावांनी बायबलचे भाग उतरवले, तेही असंच विभक्तींनी लगडलेलं होतं. पुढच्या काही शतकांत नामांच्या विभक्ती झडत गेल्या आणि आजच्या बल्गेरियनमध्ये त्या जवळजवळ संपल्या आहेत. संबोधन तेवढं तगून आहे. ‘इवाने!’ अशी हाक अजून मारतात. स्लाव्ह कुळात इतकी मोठी झड बल्गेरियन आणि तिची जुळी बहीण मॅसेडोनियन या दोघींच्याच वाट्याला आली. प्रत्यय गेले, त्यांची कामं मात्र कुणीतरी करायलाच हवी होती. ती नामाच्या आधी येणाऱ्या छोट्या शब्दांकडे गेली, आणि ‘ना’च्या अंगावर सगळ्यात जास्त पडली. ‘ना मासाता’ म्हणजे टेबलावर, ‘ना उचीलिश्ते’ म्हणजे शाळेत, ‘ना इवान’ म्हणजे इवानला किंवा इवानचं. वर, कडे, ला, चा असा त्याचा प्रवास झाला असावा, हे सहज दिसतं. वस्तू कुणाकडे जाते आणि मग ती त्याची होते.

पण हा प्रवास ‘ना’ने सुरू केला नाही. विभक्ती जिवंत होत्या तेव्हाही जुन्या बल्गेरियनमध्ये मालक दाखवायला चतुर्थी सर्रास वापरली जात असे. ‘त्याचा मुलगा’ म्हणायच्या जागी ‘त्याला मुलगा’ असं. पुढे षष्ठी गेली तेव्हा तिची जागा रिकामी नव्हतीच. चतुर्थी तिथे केव्हाची बसलेली होती.

आता आपल्या घरात बघू. संस्कृतात ‘मम’ म्हणजे माझं, ‘मह्यम्’ म्हणजे मला. दोन रूपं, दोन विभक्ती. पण या दोन्हींच्या जागी एक छोटं रूप चालतं: ‘मे’. ‘पुत्रो मे’ म्हणजे माझा मुलगा, ‘देहि मे’ म्हणजे मला दे. तसंच ‘ते’ म्हणजे तुझं आणि तुलाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात ही रूपं सांगताना षष्ठी आणि चतुर्थी यांची नावं एकाच दमात घेतली आहेत, आणि वर अट घातली आहे की ही रूपं पादाच्या आरंभी येत नाहीत. त्यांच्यावर स्वतःचा आघात नसतो. आधीच्या शब्दाला टेकूनच ती उभी राहतात.

बल्गेरियनमध्ये ‘माझं’ आणि ‘मला’ या दोन्हींसाठी जे छोटं रूप आहे ते आहे ‘मी’. ‘तुझं’ आणि ‘तुला’ यांसाठी ‘ती’. ही ‘मे’ आणि ‘ते’ची सख्खी भावंडं आहेत, एकाच आदिम इंडो-युरोपीय मुळातून आलेली. आणि पाणिनीची अटही सोबत आलेली दिसते: बल्गेरियनमध्ये ‘मी’ने वाक्य सुरू करता येत नाही. ‘दादे मी’, म्हणजे ‘दिलं मला’, हे बरोबर. ‘मी दादे’ म्हटलं की ऐकणारा ओळखतो की बोलणारा बाहेरचा आहे. किंवा मॅसेडोनियन आहे, कारण त्या जुळ्या बहिणीने ही अट मोडून टाकली आहे. (मराठी वाचकाला या ‘मी’चा त्रास होणार हे उघड आहे. त्याला ‘मी’ ऐकलं की कर्ता दिसतो आणि बल्गेरियन ‘मी’ कधीच कर्ता नसतो. ते सोसूनच पुढे जावं लागेल.)

भारतात गोष्ट इथे थांबली नाही. प्राकृतांमध्ये चतुर्थी जवळजवळ नाहीशी झाली आणि तिचं काम षष्ठीने उचललं. ‘देवस्य’चं ‘देवस्स’ झालं आणि त्याचा अर्थ देवाचा आणि देवाला असा दोन्ही होऊ लागला. मराठीतला चतुर्थीचा ‘स’, म्हणजे ‘रामास दिले’ मधला ‘स’, त्या षष्ठीच्या ‘स्स’चाच वंशज आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या चतुर्थीच्या पोटात एक जुनी षष्ठी आहे. बल्गेरियात चतुर्थीने षष्ठीला गिळलं, आपल्याकडे षष्ठीने चतुर्थीला. दिशा उलट, पण सीमारेषा पुसली गेली ती त्याच जागी. ‘मिळणं’ आणि ‘असणं’ यांच्यातली भिंत मुळातच पातळ आहे.

बल्गेरियात ही भिंत पडायला शेजाऱ्यांचाही हात लागला. ग्रीक घ्या: ‘तो विव्लीओ मू’ म्हणजे माझं पुस्तक, आणि ‘मू एदोसे’ म्हणजे मला दिलं, एकच ‘मू’. रोमानियन घ्या, अल्बेनियन घ्या. तिथेही षष्ठी आणि चतुर्थी यांचं नामरूप एकच. या चारही भाषा इंडो-युरोपीय असल्या तरी वेगवेगळ्या शाखांच्या आहेत. रोमानियन लॅटिनची लेक, ग्रीक आणि अल्बेनियन आपापल्या शाखेच्या एकुलत्या एक, बल्गेरियन स्लाव्ह. त्यांचं व्याकरण मात्र एकाच गल्लीत वाढलेल्या मुलांसारखं एकमेकांच्या लकबी उचलत गेलं. स्लोव्हेनियन विद्वान येर्नेय कोपितार याने १८२९ सालीच लिहून ठेवलं होतं की या भागात शब्दसंग्रह वेगवेगळे असले तरी व्याकरणाचा साचा एकच आहे. पुढे रशियन क्रांतीनंतर देश सोडून आलेला निकोलाय त्रुबेत्स्कोय १९२० ते १९२२ या काळात बल्गेरियातल्या सोफिया विद्यापीठात शिकवत होता. त्याने लगेच, १९२३ साली, अशा एकत्र राहून सारख्या झालेल्या भाषांसाठी ‘भाषासंघ’ ही कल्पना मांडली. बाल्कन भाषासंघ हे आजही तिचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे.

दुसरं गाजलेलं उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कुपवाड या गावातल्या मराठी, कानडी आणि उर्दू बोलींवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला, तो जगभर वाचला जातो. त्यातला एक मुद्दा नेमका मालकीबद्दलचा आहे. प्रमाण कानडीत ‘तुमचं घर’ यातलं ‘तुमचं’ आणि ‘हे घर तुमचं आहे’ यातलं ‘तुमचं’ यांची रूपं वेगळी असतात: निम्म आणि निम्मदु. मराठीत आणि उर्दूत हा भेद नाही. कुपवाडच्या कानडीनेही तो सोडून दिला आणि दोन्हीकडे एकच रूप वापरायला सुरुवात केली. घर कुणाचं हे सांगायची तऱ्हा शेजारावरून ठरली. बाल्कनमध्ये जे घडायला शतकं लागली, त्याचं हे गावपातळीवरचं रूप.

परत सोफियाकडे. ‘ना’ हे नामांचं काम. सर्वनामांसाठी बल्गेरियनमध्ये त्या छोट्या शब्दांची एक मालिकाच आहे. मी, ती, मू, ई, नी, वी, ईम: माझं, तुझं, त्याचं, तिचं, आमचं, तुमचं, त्यांचं. यातला ‘ई’, म्हणजे ‘तिचं’, छापताना अक्षरावर एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, कारण रेघ नसली तर तोच शब्द ‘आणि’ होतो. पुष्कळ लोक घाईत रेघेऐवजी शेजारचंच दुसरं अक्षर टाकतात, आणि शुद्धलेखनाचे अभिमानी त्यावर चिडतात. आपल्याकडच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणाला तिकडे असा एका रेघेचा अवतार आहे.

हे छोटे शब्द नामाच्या मागे लागतात. त्याआधी नामाला निश्चिततेचा प्रत्यय जोडायचा. क्नीगा म्हणजे पुस्तक, क्नीगाता म्हणजे ते अमुक पुस्तक, आणि क्नीगाता मी म्हणजे माझं पुस्तक. विशेषण आलं की प्रत्यय विशेषणाला लागतो आणि ‘मी’ही उडी मारून त्याच्या मागे जाऊन उभा राहतो: नोवाता मी क्नीगा, म्हणजे शब्दशः ‘नवं-ते माझं पुस्तक’. कितीही विशेषणं लावा, ‘मी’ दुसऱ्या जागेवरच. पाणिनीला हे आवडलं असतं.

आता अपवाद, आणि या सगळ्या प्रकरणातली माझ्या मते सर्वात गोड जागा. नातेवाईक आले की निश्चिततेचा प्रत्यय गळून पडतो. मायका मी: माझी आई. बाश्ता मी: माझे वडील. ब्रात मी, सेस्त्रा मी: माझा भाऊ, माझी बहीण. बाबा मी म्हणजे माझी आजी. तिकडे ‘बाबा’ ही आजी आहे, आणि ‘मामा’ म्हणजे तर चक्क आई. आईच्या भावाला वूयचो म्हणतात आणि वडिलांच्या भावाला चीचो. मामा-काका हा भेद त्यांनी आपल्यासारखाच जपला आहे. मावशी आणि आत्या यांना मात्र प्रमाण भाषेत ‘लेल्या’ या एकाच शब्दात बसवलं आहे.

प्रत्यय का गळतो? आई एकच असते, तिला ‘ती अमुक’ म्हणून वेगळं दाखवायची गरज नाही, असं स्पष्टीकरण सुचतं. पण भाऊ तीन असू शकतात, तरी ‘ब्रात मी’च. बरं, नातं तुटत नाही, वस्तू विकता येते, म्हणून हा भेद, असं म्हणावं तर हातपायही विकता येत नाहीत. पण ‘माझा हात’ म्हणताना प्रत्यय लागतोच, राकाता मी. शिवाय नातेवाईक अनेकवचनात गेले की प्रत्यय परत येतो, आणि ‘मोठी बहीण’ असं विशेषण लावलं तरी परत येतो. मुलगी ‘दश्तेर्या मी’, प्रत्यय नाही. मुलगा मात्र ‘सीनत मी’, प्रत्ययासह. नवऱ्याचं तर आणखी मजेशीर: पुस्तकी भाषेत त्याला प्रत्यय लागतो, घरगुती बोलण्यात लागत नाही. बायको दोन्हीकडे बिनप्रत्ययाची. यातून समाजशास्त्र काढायचा मोह होतो, मुलगा आणि नवरा यांना सिद्ध करावं लागतं वगैरे. तो मोह आवरावा. व्याकरणाच्या अशा कोपऱ्यात बहुधा सवयच नियम होऊन बसलेली असते. एवढं मात्र खरं की ‘मी’ आणि ‘आई’ यांच्यामध्ये ही भाषा काही येऊ देत नाही.

या छोट्या शब्दांचा दुसरा गुण असा की ते नामापाशी गपगुमान बसत नाहीत. ‘माझी गाडी चोरली’ हे बल्गेरियन माणूस सहसा कसं म्हणेल? ‘ओत्क्राद्नाहा मी कोलाता’: चोरली मला गाडी. ‘मी’ गाडीला सोडून क्रियापदाला जाऊन चिकटला. आता तो ‘माझी’ आहे की ‘मला’? दोन्ही. चोरी गाडीची झाली, पण घडली माझ्याबाबतीत. कुत्रा मेला तरी तसंच: ‘उम्र्या मी कूचेतो’, मेला मला कुत्रा. मराठीत ‘माझा कुत्रा मेला’ म्हटल्यावर कर्ता कुत्रा आणि मी त्याच्या नावापुढचं एक विशेषण. बल्गेरियन वाक्यात दुःख मला सरळ पोचलेलं आहे. मोकळी मालकी सांगायची असेल, भांडणात, पोलिसात, वाटणीत, तर लांब रूपं आहेत: मोय, मोया, मोए, म्हणजे माझा, माझी, माझं. ती आपल्या रूपांसारखीच तीन लिंगांत वस्तूप्रमाणे बदलतात आणि ‘तुझी नव्हे, माझी’ असा जोर त्यांच्यात असतो. ‘मोयाता कोला’ म्हटलं की समोरच्याची गाडीही डोळ्यांपुढे येते. एरवीच्या बोलण्यात छोटा ‘मी’ पुरतो.

इथे मूळ कल्पना स्पष्ट होते. या भाषेत मालक म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस नव्हे. वस्तूचं जे काही होईल ते ज्याला लागतं, तो मालक. म्हणूनच चतुर्थी. आई मुलाला बजावते, ‘दा ने मी से राज्बोलेएश!’: आजारीबिजारी पडशील मला! यात ‘मी’ कुठल्याच वस्तूचा मालक नाही. आजार मुलाचा, पण तो आईला होणार आहे, एवढंच त्याचं काम. लाडात हेच उलट्या बाजूने येतं. ‘ना मामा झ्लातोतो’, असं आई मुलाला म्हणते. याचं मराठी शोधावं लागत नाही, ते ‘आईचं सोनं’ म्हणून आपल्याकडे तयार आहे. आणि खोटं बोलणाऱ्याला उडवून लावायचं असेल तर ‘ना बाबा ती ह्वर्चीलोतो’: तुझ्या आजीचा पतंग! म्हणजे काहीही, थापा मारू नकोस. आजीचा पतंगाशी काय संबंध, हे विचारायचं नसतं.

त्या मालिकेतला एक शब्द मी मुद्दाम बाजूला ठेवला होता: सी. हा स्वतःचा. कर्ता कुणीही असो, मी, तू, ते, वस्तू कर्त्याचीच असेल तर ‘सी’. ‘त्याने क्नीगाता सी घेतलं’ म्हणजे स्वतःचं. ‘क्नीगाता मू’ म्हटलं तर दुसऱ्या कुणाचं तरी. याचं लांब रूप ‘स्वोय’. त्यात संस्कृतातला ‘स्व’ स्पष्ट ऐकू येतो. मराठीत हे काम ‘आपला’ करतो, जो ‘आत्मन्’पासून आला. ‘त्याने आपलं पुस्तक घेतलं’ आणि ‘त्याने त्याचं पुस्तक घेतलं’ यांतला फरक आपण ऐकू शकतो, जरी बोलण्याच्या ओघात तो हल्ली पुसट होत चालला असला तरी. बल्गेरियन शिक्षकही विद्यार्थ्यांच्या ‘मी’वर लाल रेघ मारून ‘सी’ लिहितात.

पण ‘सी’ची खरी मजा याच्या पुढे आहे. ‘पीया सी काफेतो’: मी माझी कॉफी पितो आहे. यात कॉफी कुणाच्या मालकीची हा प्रश्न कुणालाच पडलेला नाही. ‘सी’मुळे वाक्यात एक निवांतपणा येतो, मी आपला माझ्यात मग्न आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पुढे तर वस्तूच राहत नाही. ‘स्पी सी’: तो झोपलाय आपला. ‘तोय सी ए ताकाव’: तो आपला आहेच तसा. ‘ओतीवाम सी’: निघतो मी आपला, म्हणजे घरी. हे मराठीत सांगताना प्रत्येक वाक्यात ‘आपला’ आला, तो मी खेचून आणला नाही. ‘मी आपलं सहज विचारलं’, ‘ती आपली गप्प बसून राहिली’, ‘म्हातारा आपला येतो, दोन घास खातो, जातो’. इथल्या ‘आपला’चा मालकीशी काडीचा संबंध उरलेला नाही. स्वतःची वस्तू दाखवणारा शब्द दोन्ही भाषांत, एकमेकींची चाहूलही न लागता, स्वतःशी असलेली माणसाची मोकळीक दाखवू लागला. मला तरी या दोन व्याकरणांमधलं सर्वात जवळचं नातं ‘मे’ आणि ‘मी’ यांच्यातलं वाटत नाही, ते इथलं वाटतं. ते नातं रक्ताचं, हे स्वभावाचं.

‘ना’ आणि हे छोटे शब्द यांच्याखाली मालकीचा एक जुना थर अजून दिसतो. नामाला ‘ओव’, ‘एव’ किंवा ‘इन’ जोडून विशेषण करायचं, आणि ते ज्या वस्तूला लागतं तिच्या लिंगाप्रमाणे चालवायचं. रोजच्या भाषेत ही पद्धत आता मर्यादित झाली आहे, पण सोफियातून चालताना ती पायाखाली येते. लवोव मोस्त म्हणजे सिंहाचा पूल. त्यावर काशाचे चार सिंह आहेत. ओर्लोव मोस्त म्हणजे गरुडाचा पूल. त्यावर चार गरुड. तिथून जवळच बोरीसोवा ग्रादीना, बोरिसची बाग. बाग स्त्रीलिंगी म्हणून ‘बोरीसोवा’. आणि बल्गेरियातली आडनावं बघा: इवानोव, पेत्रोव, दिमित्रोव. इवानचा, पेतरचा, दिमितरचा. बाई असेल तर इवानोवा, पेत्रोवा. एखाद्या कचेरीतली हजेरी ही षष्ठी विभक्तीची यादीच म्हणायची. राष्ट्रीय कवी आणि क्रांतिकारक ह्रिस्तो बोतेव (१८४८–१८७६) याचं पूर्ण नाव ह्रिस्तो बोत्योव पेत्कोव. त्याचे वडील बोत्यो पेत्कोव कालोफेर गावात शिक्षक होते. म्हणजे बोत्योचा ह्रिस्तो, आणि बोत्यो पेत्कोचा. स्वतःचं नाव, वडिलांचं, कुळाचं ही तीन नावांची रांग मराठी माणसाला ओळखीचीच. फरक इतकाच की आपण मधलं नाव कोरंच ठेवतो, संबंध गृहीत धरतो. मराठेशाहीच्या कागदांत तो ‘बिन’ लिहून दाखवत, अमुक बिन तमुक. तो ‘बिन’ गेला तेव्हापासून आपल्या नावांत मालकीची खूण नाही. खेड्यातला म्हातारा मात्र अनोळखी पोराला दोन्हीकडे तोच प्रश्न विचारतो. तिकडे ‘चीय सी ती?’ आणि इकडे ‘कुणाचा रे तू?’

आतापर्यंत सारी मालकी नामाभोवती फिरली. क्रियापदात शिरलं की बाजू पालटते, आणि इथे मराठी बल्गेरियनपेक्षा खूपच चिकित्सक निघते. मराठीत ‘असणं’ आहे, पण ‘बाळगून असणं’ या अर्थाचं सर्वकामी क्रियापद नाही. त्यामुळे कोणत्या प्रकारचं असणं हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे गाडी आहे. माझ्याजवळ सुटे पैसे आहेत. तिचं पुण्यात घर आहे. त्याच्यात धमक आहे. यांची अदलाबदल करून बघा: ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, किती दिवस मुक्काम? नातं आणि अवयव ‘ला’ने, हाताशी असलेलं ‘कडे’ किंवा ‘जवळ’ने, स्थावर बहुधा ‘चा’ने. मालकीचे इतके पदर आपण शाळेत न शिकता पाळतो.

बल्गेरियनमध्ये या सगळ्याला एकच क्रियापद आहे, इमाम. (मशिदीतल्या इमामाशी संबंध नाही, जुन्या स्लाव्ह भाषेत ‘घेणं’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं आहे. घेतलं, म्हणून आहे.) इमाम ब्रात, मला भाऊ आहे. इमाम कोला, माझ्याकडे गाडी आहे. इमाम व्रेमे, मला वेळ आहे. इमाम तेम्पेरातूरा, मला ताप आहे. भाऊ, गाडी, वेळ, ताप, सगळे एका रांगेत. नामापाशी आईला आणि पुस्तकाला वेगळी वागणूक देणारी ही भाषा क्रियापदापाशी भावाला आणि तापाला एका पंगतीला बसवते, आणि मराठीने नेमकं उलटं केलं आहे: आपल्याकडे ‘माझी आई’ आणि ‘माझी पिशवी’ यांत व्याकरणाने काही फरक नाही, फरक सुरू होतो तो ‘आहे’ म्हणताना. नात्याची आणि वस्तूची मालकी वेगळी, हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे. ते कुठल्या खणात ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवलं.

इमामचा नकार ‘न्यामाम’, आणि त्याचं कर्त्याशिवायचं रूप ‘न्यामा’. हा शब्द परदेशी माणूस पहिल्या दिवशीच शिकतो. पाव आहे? न्यामा. सुटे आहेत? न्यामा. ‘नाहीये’ इतका साधा आणि तितकाच अखेरचा. पण याच न्यामाने भविष्यकाळाचा नकारही बनतो. ‘मी येईन’ हे ‘श्ते’ने होतं, जो मुळात ‘इच्छिणं’ होता. ‘मी येणार नाही’ मात्र ‘न्यामा दा दोय्दा’: शब्दशः, ‘नाही आहे, की मी यावं’. होकारात इच्छा, नकारात अभाव. उलट ‘इमाम दा ऊचा’ म्हटलं की मला अभ्यास करायचा आहे, तो माझ्याकडे शिल्लक पडला आहे. अजून न केलेलं काम हीसुद्धा एक मालमत्ता.

मॅसेडोनियन जुळी बहीण याच क्रियापदाला मागच्या दिशेने घेऊन गेली. तिच्यात ‘इमाम वीदेनो’ म्हणजे ‘मी पाहिलेलं आहे’: पाहिलेलं माझ्याकडे आहे, मी ते बाळगून आहे. नैर्ऋत्येकडच्या बोलींत, ओह्रिडच्या बाजूला, ही रचना विशेष रुजलेली आहे, आणि तिथून ती प्रमाण मॅसेडोनियनमध्ये आली. बल्गेरियनने तिला पूर्ण दार उघडलं नाही. ‘ते पत्र माझ्याकडे लिहून तयार आहे’ असं म्हणायला तिथेही ‘इमाम’ चालतो, पण निव्वळ भूतकाळ सांगायला नाही. लिहिलेलं पत्र खणात ठेवता येतं, पाहिलेलं ठेवता येत नाही, असा काहीसा त्यामागचा हिशोब दिसतो. मॅसेडोनियन माणसाला तो पटलेला नाही.